आधी ऐकणारा डोंगर

रिद्धपूर ते अमरावती सरळ रेषेत पस्तीसेक किलोमीटर. मध्ये आडवा येईल असा डोंगर नाही. कपाशी, तूर, मोर्शीकडे वळलं की संत्र्याच्या बागा, आणि सगळीकडे सपाट काळी जमीन. तरीही माझ्या गच्चीवरून पाच वॅटच्या हातसेटवर दोन मीटर पट्ट्यात अमरावतीला हाक मारली, तर ती भरवशानं पोचत नाही. आड येते ती पृथ्वीच. १४५ मेगाहर्ट्झची लहर जवळजवळ सरळ जाते आणि जमीन तिच्याखालून हळूहळू वाकत जाते. याचा हिशेब सोपा आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि चारनं, खरं तर चारहून किंचित जास्तीनं, गुणायचं. तेवढे किलोमीटर त्या अँटेनाची नजर जाते. दहा मीटरच्या गच्चीला तेरा किलोमीटर मिळतात, अमरावतीतल्या तीस मीटरच्या मनोऱ्याला साडेबावीस. बेरीज पस्तीस-छत्तीस. म्हणजे आमचं गाव नेमकं काठावर. काठावरचा आवाज थंडीत सकाळी येतो आणि उन्हं चढली की जातो.

आता चिखलदरा घ्या. समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर. खालचं वऱ्हाड साडेतीनशेच्या आसपास. राहिले साडेसातशेहून जास्त. त्याचं वर्गमूळ साडेसत्तावीस, म्हणजे नजर एकशे बारा-तेरा किलोमीटरची. रिद्धपूर तिथून साठेक किलोमीटर, अमरावती सत्तरच्या आत, अकोला पंच्याऐंशी. सगळी गावं एका डोंगराच्या नजरेत बसतात. डोंगरावर एक यंत्र ठेवायचं. ते एका फ्रिक्वेन्सीवर खालच्याचं बोलणं ऐकेल आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच मोठ्यानं सांगेल. यालाच आम्ही हौशी रेडिओवाले रिपीटर म्हणतो. अमरावती, अकोला, परतवाडा आणि मोर्शीकडच्या आम्ही काही जणांनी असा रिपीटर उभा करायचं ठरवलं, तेव्हा जागेचा प्रश्न कागदावर दोन ओळींत सुटला. बाकीचे प्रश्न सुटायला फार वेळ लागला. ते सोडवताना या मुलखाचा जो इतिहास पुन्हा पुन्हा समोर आला, तो मला इथं सांगायचा आहे.

उंच जागा शोधत वऱ्हाडात आलेले आम्ही पहिले नव्हे. विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीला सुरुवात केली आणि ७८ रेखांशाच्या आसपास धरून तो उत्तरेकडे सरकत राहिला. एका उंचवट्यावरून दुसरा दिसला पाहिजे, दुसऱ्यावरून तिसरा, हीच सगळ्या कामाची अट. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यानं एलिचपूर भागात टाकरखेड्याला एक पायारेषा मोजली. तिथून पुढं गाविलगडाची रांग ओलांडायची होती. ती ओलांडणं त्याच्या नशिबात नव्हतं. २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथंच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं उचललं.

एव्हरेस्टची एक गोष्ट मला रेडिओमुळे नीट कळली. दिवसा उन्हाच्या झळांनी दूरची निशाणं थरथरायची, म्हणून तो रात्री दिवे लावून निरीक्षण करू लागला. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, वरची त्या मानानं उबदार राहते आणि प्रकाशाचा किरण खाली वाकतो. दिवसा न दिसणारा दिवा रात्री क्षितिजावर उचललेला दिसतो. आमच्या हिशेबात सुमारे साडेतीनऐवजी चारहून किंचित जास्तीनं गुणलं, ते अशाच वाकण्यामुळे. थंडीत पहाटे अमरावतीचा आवाज माझ्या गच्चीवर येतो, तो या वाकलेल्या वाटेनं. वर्गात मी अपवर्तन वर्षानुवर्षं शिकवलं. काचेचा ठोकळा, टाचण्या, कोनमापक. शेतावरची हवाच काचेसारखं काम करते, हे मुलांना दाखवायला त्या वेळी माझ्याकडे रेडिओ असता तर फार बरं झालं असतं.

टाकरखेड्याची साखळी तर थेट आमच्या गच्चीवर आली. लॅम्बटनची साखळी पोलादी, शंभर फुटी. ती लाकडी खोक्यांत ताणून ठेवायची, वर सावली धरायची, शेजारी थर्मामीटर लावायचे आणि दर मापाबरोबर तपमान लिहायचं. इतका खटाटोप कशासाठी? पोलाद तापलं की वाढतं. तीस अंशांच्या फरकानं शंभर फुटी साखळी सेंटिमीटरभर लांब होते. दहा किलोमीटर मोजेपर्यंत ती चूक साडेतीन मीटरवर जाते. वऱ्हाडातल्या उन्हानं त्या माणसाच्या मापावर किती डोळा ठेवला असेल, ते इथं मे महिना काढलेल्यालाच कळेल.

आमचं भांडण याच उन्हाशी झालं, डुप्लेक्सरच्या बाबतीत. रिपीटरला एकाच वेळी ऐकायचं आणि बोलायचं असतं, तेही एकाच अँटेनावरून. समजा तो १४५ मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि १४५.६ वर बोलतो. मध्ये अंतर फक्त ६०० किलोहर्ट्झ. बोलताना पंचवीस वॅट. ऐकताना मोर्शीकडच्या एखाद्या हातसेटची ०.२ मायक्रोव्होल्टची कुजबुज. या दोन शक्तींचं गुणोत्तर मांडायचं तर एकावर सोळा शून्यं लिहून त्याची तिप्पट करावी लागते. स्वतःचा आवाज स्वतःच्या कानात शिरला की रिपीटर बहिरा होतो. त्याला वेगळं ठेवतो तो डुप्लेक्सर. अर्ध्या मीटरहून थोडी उंच अशी धातूची सहा नळकांडी, म्हणजे कॅव्हिटी. प्रत्येकात वरून खाली उतरणारा एक दांडा. दांड्याची लांबी सुमारे पाव लहरीची. तीन कॅव्हिटी प्रक्षेपकाच्या वाटेवर बसून ऐकण्याची फ्रिक्वेन्सी मारतात, तीन ग्राहकाच्या वाटेवर बसून बोलण्याची. दांडा केसभर खाली-वर केला की फ्रिक्वेन्सी सरकते. ट्यूनिंग म्हणतात ते एवढंच, आणि तेवढ्यातच सगळी कसोटी.

आमच्याकडे आलेल्या डुप्लेक्सरचे दांडे ॲल्युमिनियमचे होते. पुरवठादारानं तो थंडगार खोलीत उत्तम लावून पाठवला असणार, कारण सोबतचे आलेख देखणे होते. मी तो गच्चीवर मांडला आणि नॅनोव्हीएनए जोडला. हे वहीएवढंही नसलेलं उपकरण, पण काम चोख करतं. पडद्यावर रेघ सपाट येते आणि जी फ्रिक्वेन्सी कॅव्हिटी गिळते तिथं खोल खड्डा पडतो. सकाळी पाण्याच्या टाकीची सावली नळकांड्यांवर होती, तेव्हा खड्डा बरोबर १४५ वर होता. सावली हटली. ऊन धातूवर आलं. शेजारचा मुलगा पडद्याकडे पाहत होता. बारावी सायन्सचा आहे, लायसन्सच्या परीक्षेची तयारी करतो. तो म्हणाला, "बाई, खड्डा सरकून राह्यला." खरंच सरकत होता, डावीकडे, खालच्या फ्रिक्वेन्सीकडे. दांडा लांब झाला की फ्रिक्वेन्सी उतरते. मी हात लावून पाहिला तर नळकांडं चटका देत होतं. आम्ही पोतं ओलं करून टाकलं, तसा खड्डा परत निघाला.

हिशेब करून पाहिला. ॲल्युमिनियम दर अंशाला दहा लाखांत तेवीस भाग वाढतं. थंडीतल्या पहाटेचे दहा अंश आणि उन्हाळ्यात बंद पेटीतले पंचावन्न, यांत पंचेचाळीस अंशांचा फरक. म्हणजे हजारात एक भाग, आणि १४५ मेगाहर्ट्झवर दीडशे किलोहर्ट्झ. आपलं सगळं अंतरच सहाशेचं. त्यातला पाव हिस्सा ऊन खाऊन टाकतं.

यावर औषध आहे ते इन्वार. लोखंड आणि निकेल यांचा मिश्रधातू. शार्ल गिलोम या स्विस शास्त्रज्ञानं पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयात १८९६ मध्ये तो शोधला आणि १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. इन्वारची वाढ दर अंशाला दहा लाखांत एखाद-दीड भाग. मोजणीखात्यांनी साखळ्या बाजूला ठेवून इन्वारच्या तारा घेतल्या, पायारेषा मोजायला. लॅम्बटनच्या साखळीला जे हवं होतं ते सत्तर-ऐंशी वर्षांनी आलं, आणि त्याच धातूचे दांडे आज चांगल्या डुप्लेक्सरमध्ये असतात. महाग पडतात. आम्ही ॲल्युमिनियमचा परत केला आणि इन्वार दांड्यांचा घेतला. क्लबात यावर खूप बोलणं झालं. एवढ्या पैशांत आणखी ताकदीचा प्रक्षेपक येईल, असं काही तरुण मंडळींचं म्हणणं. माझं म्हणणं तेव्हाही एकच होतं आणि आजही आहे. रिपीटरची ताकद त्याच्या कानात मोजावी. पन्नास वॅटनं तो सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल, पण वऱ्हाड त्याला ऐकू आलं नाही तर तो सांगणार काय?

आधी ऐकायचं, मग सांगायचं, ही गोष्ट या मातीत नवी नाही. चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात जमवल्या, त्या आमच्या रिद्धपुरात लिहिल्या गेल्या. ज्यानं ज्यानं स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्याच्याकडे म्हाइंभट गेले. कुणी काय ऐकलं, कुठं ऐकलं, शेजारी कोण होतं, असं विचारत लीळा गोळा केल्या आणि स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेतल्या. पुढं धामधुमीत मूळ पोथी हरवली, तेव्हा ज्यांच्या मुखी ती होती त्यांनी ती पुन्हा उभी केली, आणि कुणाचा पाठ कुठं वेगळा पडतो तेही जपून ठेवलं. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ इतक्या काटेकोर ऐकण्यातून आला. आज त्याच गावात मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे, याचा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही. स्वामींच्या पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपीत जपले, जी परक्याला वाचता येत नसे. हौशी रेडिओत मात्र गुप्त लिपी चालत नाही. जे बोलायचं ते उघड, कुणालाही कळेल असं, आणि आपलं कॉलसाइन सांगून.

इथं कायद्याचं बोललं पाहिजे. १९३३ च्या वायरलेस कायद्यानं साधा रेडिओ संच बाळगायलाही परवाना लागू लागला. दुसरं महायुद्ध सुरू झालं तसे हौशी मंडळींचे परवाने थांबले आणि प्रक्षेपक जमा झाले. अशा काळात २७ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. सोबत विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाखर ही मंडळी. मागं राममनोहर लोहिया, आणि यंत्रसामग्रीला शिकागो रेडिओचे नानक मोटवाणी. पोलिसांना माग लागू नये म्हणून ते जागा बदलत राहिले. १२ नोव्हेंबर १९४२ ला चालू प्रक्षेपणात पकडले गेले. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात.

हे बेचाळीसच्या आंदोलनाच्या इतिहासात सगळे वाचतात. आम्हा रेडिओवाल्यांच्या डोळ्यांत मात्र एक आकडा भरतो. त्यांची लहर होती ४२.३४ मीटर. ३०० ला ४२.३४ नं भागा, ७.०९ मेगाहर्ट्झ येतात. हा आजचा आमचा चाळीस मीटरचा पट्टा. सकाळी चहाबरोबर जिथं मुंबई, बेळगाव, हैदराबादशी बोलणं होतं, त्याच पट्ट्यात तो आवाज होता. या फ्रिक्वेन्सीला डोंगर लागत नाही. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून ती पाचशे-सहाशे किलोमीटरवर खाली उतरते. आकाशच तिचा रिपीटर.

आणि त्या रेडिओनं आमच्या भागाची बातमी दिली होती. १६ ऑगस्ट १९४२ ला वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत आणि चांद्याकडच्या चिमूरला जो उठाव झाला, मग सरकारनं गावांवर जो सूड उगवला, ते देशाला सांगणाऱ्यांत काँग्रेस रेडिओ पुढं होता. आष्टी इथून पूर्वेला, वर्धा नदीच्या पलीकडे. नदीच्या अलीकडे वरूडजवळ बेनोड्यानंही त्याच ऑगस्टात माणसं गमावली. वर्तमानपत्रांवर बंधनं होती. माणसांनी ऐकलं, पाहिलं, हातोहात मुंबईला पोचवलं, आणि मग ते हवेत गेलं. प्रक्षेपक लहान होता, पण त्याला बातमी आणून देणारे कान गावोगाव होते. हा इतिहास शाळेत शिकवताना मी नेहमी आष्टीपासून सुरुवात करत असे. मुलांना रस्ता ओळखीचा असतो, मग ती ऐकतात.

स्वातंत्र्यानंतर परवाने पुन्हा मिळू लागले. युद्धातले मोडीत निघालेले लष्करी संच बाजारात येत, त्यांवर हौशी लोकांची पिढीच्या पिढी वाढली. दोन मीटरचे लहान संच आले ते पुढं, आयात सोपी झाल्यावर. मी परीक्षा नागपूरला दिली, मोर्ससकट. त्या काळी माझ्या ओळखीत बाई म्हणून मी एकटीच.

रिपीटर का हवा, याला माझं उत्तर दोन तारखांचं आहे. ३० जुलै १९९१. वर्धा नदीला पूर आला आणि नरखेड तालुक्यातलं मोवाड उद्ध्वस्त झालं. दोनशेहून जास्त माणसं गेली. नदी मुलताईकडून येते, मोवाड-वरूडकडून मोर्शीकडे उतरते. वरच्या गावाला दिसलेलं पाणी खालच्या गावाला आधी कळणं, याची किंमत या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. दुसरी तारीख ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराची. किल्लारीच्या भूकंपानं हजारो माणसं घेतली. हौशी रेडिओवाले आपापले संच आणि बॅटऱ्या घेऊन तिथं गेले आणि निरोप पोचवत राहिले. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, हे मला मान्य. पण वीज गेली की मनोऱ्याची बॅटरी काही तासच टिकते, आणि सगळेच एकदम फोन करू लागले तर कुणाचाच लागत नाही. रिपीटरवर एक बोलतो आणि पन्नास ऐकतात.

एका रविवारी चिखलदऱ्यावर हातसेट आणि एक काठीची अँटेना घेऊन आमची काही मंडळी गेली, बाकीचे आपापल्या गच्चीवर. अकोला स्वच्छ आलं. रिद्धपुरात पूर्ण आवाज. पण डोंगराच्या मागं, सिपनेच्या खोऱ्यात सेमाडोहला काही नाही, अंतर कमी असूनही. पायथ्याच्या काही गावांतही आवाज तुटत होता. त्यामुळे अँटेना निवडताना आम्ही जास्त गेनचा मोह सोडला. जास्त गेनची अँटेना आपला झोत चपटा करून क्षितिजाकडे फेकते आणि पायाखालच्या परतवाड्याच्या डोक्यावरून निघून जाते. मधल्या गेनची चार डायपोलची घेतली. सेमाडोहचं काय, तर त्याला वेगळा लहान रिपीटर लागेल. मेळघाटातला माणूस सगळ्यात एकटा असतो आणि रेंज त्यालाच नाही, हे मनाला लागतं.

संचांबद्दल थोडक्यात. नवे स्वस्त संच सगळ्या पट्ट्यांना कान उघडे ठेवतात. डोंगरावर इतरांचेही मनोरे असतात, त्यांच्या गोंगाटात असा कान बधिर होतो. जुने व्यावसायिक संच, टॅक्सी कंपन्यांनी आणि कारखान्यांनी काढून टाकलेले, समोरच्या भागात अरुंद हेलिकल फिल्टर घेऊन येतात. त्यांना आपल्याच पट्ट्याचं ऐकू येतं. अशी एक जोडी आम्ही घेतली. प्रक्षेपक पंचवीसचा, पण तो तासन्‌तास बोलायला बनवलेला नसतो, म्हणून दहा वॅटवर ठेवला आणि पंखा लावला. डिजिटल करावा अशीही मागणी होती. मी विरोध केला. काठावरचा साधा एफएम खरखरतो, पण त्यातून 'पाणी वाढलं' एवढं कळतं. काठावरचं डिजिटल एकदम गप्प होतं.

तसा सर्वांत उंच रिपीटर भारतानं ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून वर पाठवला होता. हॅमसॅट हा उपग्रह, साडेबेचाळीस किलोचा. आपण ४३५ मेगाहर्ट्झवर बोलायचं आणि तो १४५ वर परत सांगायचा. तो डोक्यावरून जायचा तेवढी काही मिनिटं श्रीलंकेपासून काश्मीरपर्यंत सगळे एका अंगणात. २०१४ मध्ये बॅटरीनं दगा दिला आणि तो थांबला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी बनवलेला स्वयम् २२ जून २०१६ ला गेला, वजन किलोभरच. एका जागचा निरोप घेऊन दुसऱ्या जागी उतरवायचा, असं त्याचं काम. शेजारचा बारावीचा मुलगा या उपग्रहाबद्दल इतकं वाचून बसला आहे की त्याला पुण्यालाच जायचं आहे.

सध्या आमचा रिपीटर डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी नुसत्या रोधकावर, माझ्या वरच्या खोलीत चालू असतो, परवानगीचे कागद होईपर्यंत. आम्ही रोज एक चाचणी घेतो. ग्राहकाला अगदी क्षीण सिग्नल द्यायचा, इतका की आवाजात खरखर राहील. मग प्रक्षेपक चालू करायचा. खरखर वाढली तर डुप्लेक्सर गळतो. मे महिन्यातल्या दुपारी, खोलीत पंखाही बंद ठेवून घेतली, वाढली नाही. ८८.५ हर्ट्झचा टोन लावला; तो ऐकू आला तरच रिपीटर उघडतो, म्हणजे विजेच्या कडकडाटानं उगाच उघडणार नाही. बोलण्याची मर्यादा तीन मिनिटं.

मोवाड चिखलदऱ्यापासून एकशे पंधरा किलोमीटर भरतं, म्हणजे नजरेच्या टोकाला. तिथं हातसेट चालणार नाही. घरावर दहा मीटरचा खांब आणि दिशेची अँटेना लागेल. त्या बाजूच्या एका शेतकऱ्यानं खांब द्यायचं कबूल केलं आहे, आणि त्यांची सून परीक्षेला बसते आहे. पावसाळ्यातली सकाळची हजेरी कुठून घ्यायची, यावर क्लबात मतं पडली. कुणी म्हणालं कॉलसाइनच्या अक्षरक्रमानं, कुणी म्हणालं मोठ्या शहरांपासून. ठरलं ते असं, की हजेरी नदीच्या वाहण्यानं घ्यायची. आधी मोवाड, मग वरूड, मग मोर्शी, आणि अमरावती-अकोला सगळ्यांत शेवटी.